उत्क्रांती, देसाईगंजचे पोलीस ठाणे आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

(दीर्घ धागा. यात लैंगिक अत्याचाराचा व त्यावरील न्यायालयीन युक्तिवादांचा उल्लेख आहे. घटनेचे तपशीलवार वर्णन नाही.)

१/
माणसातील लैंगिक हिंसेचे स्पष्टीकरण उत्क्रांतीत सापडते का? वरवर पाहता हा प्रश्न जीवशास्त्राच्या वर्गातला आहे. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर बरेच काही ठरते: दोष कोणाचा, उपाय कोठे करायचा आणि पीडितेच्या शब्दाला किंमत किती द्यायची. हा धागा तो प्रश्न एका ठिकाणी नेऊन तपासतो. ते ठिकाण म्हणजे वैनगंगेकाठचे देसाईगंज, अर्थात वडसा. आणि वर्ष १९७२.

२/
आधी सिद्धान्त समजून घेऊ. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात लैंगिक निवडीची कल्पना विस्ताराने मांडली. जोडीदार मिळवण्याची नराची स्पर्धा आणि जोडीदार निवडण्याचा मादीचा कल, या दोन शक्ती प्राण्यांची शरीरे व वर्तने घडवतात, असे त्याचे म्हणणे होते. मोराचा पिसारा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मादी निवड करते, हा विचार त्या काळातील अनेक विद्वानांना पचला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

३/
याच परंपरेत २००० साली रँडी थॉर्नहिल आणि क्रेग पामर यांचे ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ रेप’ हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि मोठे वादळ उठले. दोघांत एकमत नव्हते. थॉर्नहिल यांच्या मते बलात्कार हे स्वतंत्र ‘अनुकूलन’ असू शकते: ज्या पुरुषांना अन्य मार्गाने जोडीदार मिळत नाही त्यांच्यासाठी निसर्गाने घडवलेला पर्याय. पामर यांच्या मते ते पुरुषांच्या इतर लैंगिक प्रवृत्तींचे केवळ उपफल आहे, जसा कारखान्यातून मालाबरोबर धूरही बाहेर पडतो.

४/
थॉर्नहिल हे मुळात कीटकांचे अभ्यासक. पॅनॉर्पा वंशाच्या माशीवर त्यांनी बारकाईने काम केले होते. या माशीचा नर सहसा मादीला खाद्य भेट देऊन मीलन करतो. भेट जवळ नसेल तर तो पोटावरील चिमट्यासारख्या अवयवाने तिचा पंख पकडून ठेवतो. येथे बळजबरीसाठी खास घडलेला अवयव डोळ्यांना दिसतो. म्हणून ‘अनुकूलन’ हा शब्द शोभतो. माणसाच्या बाबतीत असा अवयव नाही. मग मेंदूत तसे काही असावे, अशी कल्पना करावी लागते. येथून पुरावा विरळ होतो आणि कथा दाट होते.

५/
एका मुद्द्यावर या लेखकांशी न्यायाने वागले पाहिजे. ‘जे नैसर्गिक ते योग्य’ असे त्यांनी म्हटलेले नाही. उलट, रोग नैसर्गिक असूनही आपण औषध घेतोच, असाच त्यांचा सूर आहे. त्यामुळे ‘हे लोक बलात्काराचे समर्थन करतात’ एवढे म्हणून त्यांचा प्रतिवाद होत नाही. खरा प्रश्न असा: समर्थन बाजूला ठेवले, तरी हे स्पष्टीकरण स्पष्टीकरण म्हणून तरी उभे राहते का?

६/
पहिली कसोटी आकड्यांची. अनुकूलन म्हणजे पुनरुत्पादनात नफा. मग पीडिता बहुतांशी प्रजननक्षम वयाच्या असायला हव्यात. जीवशास्त्रज्ञ जेरी कॉइन आणि अँड्र्यू बेरी यांनी ‘नेचर’ नियतकालिकात याच ठिकाणी बोट ठेवले. १९९२ च्या अमेरिकी सर्वेक्षणात सुमारे २९ टक्के पीडिता ११ वर्षांखालील मुली होत्या. वृद्धा आणि पुरुषही अत्याचाराचे बळी ठरतात. ज्या कृतीतून संततीची शक्यताच नाही, ती संततीसाठी घडली असे म्हणायला फार ओढाताण करावी लागते.

७/
दुसरी कसोटी नफ्या-तोट्याची. मानवशास्त्रज्ञ किम हिल यांनी पॅराग्वेतील आचे या शिकारी-संकलक समाजात दीर्घकाळ काम केले. तेथील माहितीवरून त्यांनी व सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पंचविशीतील पुरुषाने बलात्कार केला तर त्याच्या वंशवृद्धीला लाभ किती, तोटा किती? गर्भधारणेची शक्यता अल्प. उलट नातेवाइकांकडून मारले जाण्याचा, मदत तुटण्याचा, नाव बदनाम होण्याचा धोका मोठा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबात तोटा लाभाच्या सुमारे दहापट निघाला. म्हणजे उत्क्रांतीच्याच वहीत हा व्यवहार दिवाळखोरीचा ठरतो.

८/
उरला पामर यांचा उपफलाचा मुद्दा. तो खोटा ठरवता येत नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. दुचाकी चालवणे, खोटी सही करणे, कीर्तनात टाळ वाजवणे, हे सारे उत्क्रांत मेंदूचे उपफलच आहे. मेंदू नसता तर यातले काहीच घडले नसते, हे कोण नाकारील? परंतु खोटी सही कोणी, कोणत्या दस्तऐवजावर, कोणत्या कारणाने केली, हे या विधानातून कळत नाही. जे स्पष्टीकरण प्रत्येक गोष्टीला सारखेच लागू पडते, ते कोणत्याच एका गोष्टीबद्दल फार काही सांगत नाही.

९/
आता देसाईगंज. १९७२ मध्ये हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले. गोंदियाहून चांद्याकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. भोवती धानाची शेते आणि पलीकडे जंगल. येथे घडलेले प्रकरण देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. या धाग्यात ते नाव घेतलेले नाही. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम भारतीय दंडविधानात १९८३ साली आले, आणि ते ज्या दुरुस्तीतून आले, तिच्यामागे याच मुलीचे प्रकरण होते. तिला स्वतःला ते संरक्षण कधी मिळाले नाही; निदान येथे तरी मिळावे.

१०/
मुलगी आदिवासी कुटुंबातील. आईवडील लहानपणीच वारलेले. भावासोबत राहून दोघेही मजुरी करीत. कामासाठी ज्या घरी ती जाई, तेथील एका तरुणाशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्न करण्याचे ठरवले. भावाला हे मान्य नव्हते. त्याने २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंज ठाण्यात बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली. पोलिसांनी मुलीला, त्या तरुणाला व त्याच्या नातेवाइकांना ठाण्यात आणले. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा वाजत आले. नोंद घेणारा हवालदार भावाला मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणण्यास सांगून जेवायला घरी निघून गेला.

११/
बाकीची मंडळी बाहेर पडत असताना मुलीला आत थांबवून घेण्यात आले. थोड्या वेळाने बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना दिसले, की ठाण्यातील दिवे मालवले आहेत आणि दार आतून बंद आहे. हाका मारल्या, गर्दी जमली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सर्वांसमोर सांगितले, की शिपायाने तिच्यावर बलात्कार केला. ठाण्यातील एका हवालदारावरही तिने विनयभंगाचा आरोप केला. जमाव इतका खवळला, की चौकी जाळण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीत मुलीचे वय १४ ते १६ च्या दरम्यान असल्याचे मत देण्यात आले.

१२/
१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवले, तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हटले आणि घडले ते संमतीने घडले असा निष्कर्ष काढला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी शरीर हतबलपणे सोडून देणे म्हणजे इच्छा नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. शिपायाला पाच वर्षांची व हवालदाराला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोघांनाही पुन्हा मुक्त केले.

१३/
सर्वोच्च न्यायालयाची कारणे नीट वाचली पाहिजेत. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत. म्हणजे झटापट झाली नाही. नातेवाईक जवळ असताना तिने आरडाओरडा केला नाही, हात झिडकारला नाही. मृत्यूची वा इजेची भीती घातल्याचा पुरावा नाही. म्हणून संमती. हे निव्वळ कायद्याचे कलम नव्हते. त्यामागे मानवी स्वभावाचा एक सिद्धान्त दडलेला होता. ‘खऱ्या’ पीडितेचे शरीर झुंजते, ओरडते, जखमी होते. जे शरीर स्तब्ध राहते ते राजी असते, असा तो सिद्धान्त.

१४/
येथे जीवशास्त्राने बाजू उलटवली असती. संकटात सापडलेला प्राणी नेहमी लढतो किंवा पळतो असे नाही. कित्येकदा तो जागीच थिजतो: स्नायू ताठर होतात, आवाज फुटत नाही. कोंबडीपासून सशापर्यंत अनेक प्राण्यांत ही स्थिती नोंदवली गेली आहे. सुटका अशक्य असताना ती उद्भवते. पकडलेले भक्ष्य हालचाल थांबवते तेव्हा शिकाऱ्याची पकड सैल होण्याचा संभव असतो. स्वीडनमधील २०१७ च्या एका अभ्यासात अत्याचारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचा अनुभव सांगितला.

१५/
म्हणजे उत्क्रांतीचा विचार या खटल्यात कोठे उपयोगी पडला असता, तर तो मुलीच्या मौनाचा अर्थ लावण्यासाठी. रात्री साडेदहाला, बंद दाराआड, दोन वर्दीधारी पुरुषांसमोर एका अनाथ मजूर मुलीचे शरीर निपचित पडले, यात जीवशास्त्राला काहीच नवल वाटले नसते. परंतु लोकप्रिय चर्चेत उत्क्रांती नेहमी आरोपीच्या वासनेचे स्पष्टीकरण देण्यासाठी बोलावली जाते. पीडितेच्या भयाचे स्पष्टीकरण देण्यासाठी क्वचितच. विज्ञानाचा कोणता भाग उचलायचा, ही निवड मात्र विज्ञानाची नसते.

१६/
आता उलट बाजूने विचारा: शिपायाच्या कृत्याबद्दल उत्क्रांती काय सांगते? पुरुषाच्या शरीरात व मनात अशा कृत्याची क्षमता आहे, एवढेच. ही क्षमता ठाण्याबाहेर गर्दी करून उभ्या असलेल्या पुरुषांतही होती. तेच पुरुष त्या मुलीसाठी चौकी जाळायला निघाले होते. एकाच गावातील, एकाच रात्रीच्या पुरुषांत हा फरक कशामुळे पडला? वर्दी, दाराची कडी, दिव्याचे बटण, ‘हिचे कोण ऐकणार’ ही खात्री. आणि पुढच्या सहा वर्षांत ती खात्री खरी ठरवणारी न्यायव्यवस्था. यातील एकही घटक जनुकांत लिहिलेला नाही. प्रत्येकाला तारीख आहे, पत्ता आहे, इतिहास आहे.

१७/
‘आदिम’ या शब्दाबद्दलही येथेच बोलले पाहिजे. उत्क्रांतीच्या सोप्या कथांना एक ‘मूळ मानव’ लागतो. आणि तो शोधायला कथाकाराची नजर जंगलाकडे वळते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या चित्रणावर भाबडेपणाचा आक्षेप घेतला गेला आहे. तरीही त्या ग्रंथातून दिसते ते नियमांनी बांधलेले तरुणांचे जग. भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांतही गोटुल आहे. या जंगलपट्ट्यात मुलामुलींनी परस्परांना पसंत करणे ही सामाजिक रीत राहिली आहे.

१८/
देसाईगंजच्या त्या मुलीनेही आपला जोडीदार स्वतः निवडला होता. तिच्या घरी या निवडीवरून भांडण होते. पण न्यायालयात त्या निवडीचे रूपांतर ‘चारित्र्या’च्या पुराव्यात झाले. ज्याच्याशी लग्न ठरवले त्याच्याशी जवळीक होती, म्हणून शिपायाशीही संमती असणार, असा हा तर्क. डार्विनने मादीच्या निवडीला महत्त्व दिले त्याला तोवर शतक उलटले होते. न्यायालयाला मात्र एका मुलीने एकाला निवडले म्हणजे दुसऱ्याला नाकारण्याचा हक्क तिला उरतो, एवढे दिसले नाही. आणि हिंसा घडली ती ‘आदिम’ जंगलात नव्हे, तर गावातील सर्वांत आधुनिक संस्थेत: शासनाच्या पोलीस ठाण्यात.

१९/
महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांना रांझ्याच्या पाटलाचे पत्र ठाऊक असते. २८ जानेवारी १६४६ च्या या पत्रात बाबाजी गुजर या पाटलाने ‘बदअमल’ केल्याचा उल्लेख आहे. परंपरेने त्याचा अर्थ स्त्रीवरील अत्याचार असा घेतला जातो. पत्रातील शब्द तेवढाच आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. शिक्षा कोणत्या गोष्टींवर पडली ते पाहा: शिवाजी महाराजांनी पाटलाचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. म्हणजे गुन्हेगाराच्या शरीराइतकाच आघात त्याच्या अधिकारपदावर झाला. सतराव्या शतकातील ही शिक्षा आज कोणी मागू नये. पण गुन्ह्याचे मूळ सत्तेच्या जागेत पाहण्याची ती दृष्टी १९७८ च्या निकालात हरवलेली दिसते.

२०/
काळ आणि स्थळ बदलले की लैंगिक हिंसेचे प्रमाण बदलते, याचे पुरावे इतरत्रही आहेत. पेगी सँडे यांनी १९८१ मध्ये ९५ पारंपरिक समाजांच्या नोंदींची तुलना केली. जवळपास निम्म्या समाजांत बलात्कार नव्हता किंवा अगदी क्वचित घडत असे. अशा नोंदी अपुऱ्या असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. पण एलिझाबेथ वुड यांच्या युद्धकालीन हिंसेच्या अभ्यासातही तेच दिसते. काही सशस्त्र गट बलात्काराचा शस्त्र म्हणून वापर करतात. तर श्रीलंकेतील तमिळ वाघांसारख्या अन्य बाबतींत अत्यंत क्रूर गटातही नागरिकांवरील लैंगिक हिंसा दुर्मीळ होती. फरक शिस्तीचा, आदेशाचा आणि शिक्षेच्या भीतीचा.

२१/
निसर्गातही एकच धडा नाही. चिंपांझी आणि बोनोबो हे दोघेही माणसाचे सारखेच जवळचे नातलग. चिंपांझी नर माद्यांवर बळजबरी करताना आढळतात. बोनोबोंमध्ये माद्या एकजूट करून नरांना आवरतात. ज्याला जे सिद्ध करायचे असेल त्याने त्या झाडाखाली जाऊन बसावे, अशी ही परिस्थिती आहे.

२२/
दुसऱ्या टोकाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. सुझन ब्राउनमिलर यांच्या १९७५ च्या ‘अगेन्स्ट अवर विल’ या पुस्तकाने बलात्काराचा संबंध वासनेपेक्षा सत्तेशी जोडला, आणि हा विचारातील मोठा टप्पा होता. परंतु ‘सर्व पुरुष, सर्व काळ, सर्व स्त्रिया’ अशा पातळीवर तो नेला, की तोही इतिहासाबाहेर जातो. तोही सांगू शकत नाही, की एल्विनच्या घोटुलात आणि देसाईगंजच्या ठाण्यात फरक का. सर्वकालीन पुरुषस्वभाव जनुकांतून आणला काय किंवा पितृसत्तेतून आणला काय, विशिष्ट रात्रीचे उत्तर त्यात सापडत नाही.

२३/
आता उपायांकडे पाहा; सिद्धान्ताची खरी परीक्षा तेथे होते. थॉर्नहिल आणि पामर यांनी सुचवले, की तरुणांना वाहन परवाना देण्यापूर्वी त्यांच्या उत्क्रांत प्रवृत्तींचा अभ्यासक्रम शिकवावा. आणि तरुणींना पेहरावाच्या धोक्यांची कल्पना द्यावी. हे उपाय देसाईगंजला लावून पाहा. त्या मुलीने कोणते वस्त्र नेसले होते म्हणून ती ठाण्यात अडकली? तिला तेथे कायद्याने आणले होते. कारण चुकीच्या जागी शोधले, की उपायही चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

२४/
प्रत्यक्षात उपाय आला तो वेगळ्या वाटेने. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत स्वीकार असतो, पण प्रत्येक शरणागतीत संमती नसते, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. गरीब माणसाला पोलीस ठाण्यात वाटणाऱ्या भीतीचा विचार न्यायालयाने केला का, असेही त्यांनी विचारले. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा उघडण्याची मागणी झाली. निकाल बदलला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही.

२५/
कायदा मात्र बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला. किमान शिक्षा दहा वर्षे झाली. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे ठरले. २००२ च्या दुरुस्तीने पीडितेच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवण्याची साक्षीपुरावा कायद्यातील मुभा गेली. २००५ च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावर निर्बंध आले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. आणि ‘सवय’ ठरवणारी दोन बोटांची तपासणी करणारे गैरवर्तनाचे दोषी ठरतील, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले.

२६/
या यादीत पुरुषाचा उत्क्रांत स्वभाव बदलणारे एकही कलम नाही. बदलले ते कोण कोणाला, किती वाजता, कोणत्या खोलीत थांबवून घेऊ शकतो याचे नियम; आणि कोणाचा शब्द आधी खरा मानायचा याचा क्रम. हे नियम सर्वत्र पाळले जातात असा दावा कोणी करू नये. पण ते मोडले गेले तर आज त्याला गुन्हा म्हणता येते. १९७८ मध्ये त्याला संमती म्हणता आले. दोन्ही काळांतल्या माणसांची जनुके तीच आहेत.

२७/
तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर. उत्क्रांती सांगते की माणूस काय काय करू शकतो: हिंसा करू शकतो, भयाने थिजू शकतो आणि परक्या मुलीसाठी ठाण्यापुढे गर्दीही करू शकतो. या शक्यतांपैकी कोणती कोठे प्रत्यक्षात उतरते आणि कोणती शिक्षेविना सुटते, हे सांगायला इतिहास लागतो. जो ‘हे नैसर्गिकच आहे’ म्हणतो, त्याने दिवे कोणी मालवले याचे उत्तर अजून दिलेले नसते.

(धागा समाप्त)